चवीची हद्द

गोळीच्या सोड्याची भरलेली बाटली हाती घेऊन तिचे वजन अजमावले, तर आतील पेयाचा भार थोडा आणि काचेचाच भार अधिक आहे असे तत्काळ ध्यानात येते. आणि गेली शंभर-सव्वाशे वर्षे आपल्या गावोगावच्या शीतपेयांची जी निरनिराळी घराणी टिकून राहिली, मुंबईचे पेय पुण्यास नाही, पुण्याचे सुरतेस नाही आणि सुरतेचे मदुरेस नाही अशी जी व्यवस्था चालत आली, तिचे मूळ लोकांच्या रुचिभेदात जितके आहे तितकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, ह्या काचेच्या भारात आहे. बाटली ही पेयापेक्षा महाग वस्तू होती आणि तिच्यावरची मालकी कारखानदार कधीच सोडीत नसे. गिऱ्हाईक पैसे देई ते आतील घोटाचे, बाटलीपोटी दुकानदार अनामत ठेवी, आणि रिकामी बाटली परत आल्यावाचून दुसऱ्या दिवशीचा माल भरता येत नसे. म्हणून भरलेली पेटी घेऊन निघालेली हातगाडी किंवा सायकल जेवढ्या टापूत फिरून सायंकाळपर्यंत रिकाम्या बाटल्यांसह कारखान्यात परतू शके, तेवढ्याच टापूवर त्या पेयाचा अंमल चाले. प्रांतोप्रांतीच्या पेयांविषयी आणि मिठायांविषयी माणसांच्या मनात जो जिव्हाळा आढळतो, जो पुष्कळदा निव्वळ बालपणाच्या आठवणींच्या खाती जमा करून आपण मोकळे होतो, तो खरोखर समजून घ्यावयाचा असेल, तर आधी ही हद्द आणि ती घालून देणारी कारणे समजून घेतली पाहिजेत असे मला वाटते.

पाण्यात वायू कोंडण्याची विद्या युरोपात अठराव्या शतकात सिद्ध झाली. ऑक्सिजनच्या शोधामुळे पुढे ज्याचे नाव रसायनशास्त्राच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले त्या जोसेफ प्रीस्टली ह्या इंग्रज धर्मोपदेशकाने, लीड्स येथे आपल्या घराशेजारच्या मद्याच्या कारखान्यात आंबणाऱ्या पिंपांवर साचून राहणारा कार्बन डायऑक्साइड वायू १७६७ साली पाण्यात मिसळून पाहिला, आणि १७७२ मध्ये ती कृती एका पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. जिनिव्हाच्या याकोब श्वेप ह्याने तिचा व्यवसाय उभा केला व १७९२ मध्ये तो लंडनला नेला. ह्या विद्येचे मर्म असे की पाणी जितके थंड आणि दाब जितका अधिक, तितका वायू त्यात अधिक मुरतो. साधारण पंधरा अंश उष्णतामानाला, आपल्या नित्याच्या हवेच्या दाबाखाली, पाणी स्वतःच्या आकारमानाएवढाच वायू धारण करू शकते. चांगल्या सोड्यात तो तिप्पट-चौपट कोंडलेला असतो, आणि म्हणून तो बाहेर पडण्यास सदैव उतावीळ असतो. त्याला आवरून धरील असे बूच सापडणे ही त्या काळची खरी अडचण होती, कारण लाकडी बूच वाळले की आक्रसते आणि मग वायू निसटून जातो; ते ओले राहावे एवढ्यासाठी तळ निमुळता केलेल्या, उभ्या राहूच शकणार नाहीत अशा बाटल्याही मुद्दाम घडविल्या गेल्या होत्या.

ह्या अडचणीवर लंडनच्या हायरम कॉड ह्या अभियंत्याने जो तोडगा काढला, त्याच्याइतकी सुबक युक्ती नित्याच्या व्यवहारातील वस्तूंत मला दुसरी क्वचितच दिसली आहे. त्याने शत्रूलाच पहाऱ्यावर बसविले. बाटलीच्या गळ्यात काचेची एक गोळी कायमची अडकवून ठेवावयाची, तोंडाच्या आतील खाचेत रबराचे कडे बसवावयाचे, बाटली उलटी धरून तिच्यात पाणी व वायू भरावयाचा, आणि मग बाहेर पडण्यासाठी धडपडणारा वायूच त्या गोळीला रबराच्या कड्यावर इतक्या जोराने दाबून धरतो की वेगळ्या बुचाची गरजच उरत नाही. गोळी आत ढकलली की वायू फसफसून सुटतो, बाटली तिरकी करताच गोळी गळ्याच्या दोन खोबणींत जाऊन विसावते आणि पेय ओतताना आड येत नाही. ह्या बाटलीचे पहिले पेटंट १८७० चे असून पुढील दोनएक वर्षांत तिला आज परिचित असलेले रूप आले. १८९२ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने पत्र्याचे दातेरी झाकण शोधून काढले, आणि हळूहळू पश्चिमेकडून गोळीची बाटली नाहीशी झाली. ती तगून राहिली ती मुख्यत्वे भारतात आणि जपानात. दिल्लीकडे तिला बंटा म्हणतात, आपल्याकडे गोळीसोडा, आणि दोन्हीकडे तिचे टिकून राहण्याचे कारण एकच होते: पत्र्याचे झाकण प्रत्येक खेपेस नवे विकत घ्यावे लागे, गोळीला तो खर्च नव्हता, आणि म्हणून ज्याच्यापाशी हाताने फिरविण्याचे एक भरणयंत्र, वायूची एक टाकी आणि शे-दोनशे बाटल्या असत, तो मनुष्य कोणत्याही तालुक्याच्या पेठेत कारखानदार होऊ शके.

आमच्याकडे हे पाणी प्रथम आले ते छावण्यांतून. हिंदुस्थानातील इंग्रज अंमलदार आणि गोरे शिपाई यांना पटकीचे आणि विषमज्वराचे भय रात्रंदिवस असे. कोणत्या विहिरीचे पाणी निर्धोक ह्याची खात्री नसे. आणि बंद बाटलीतले सोडावॉटर हे त्यांच्या लेखी चैनीपेक्षा संरक्षण अधिक होते. अमेरिकेतील बोस्टनहून जहाजाने बर्फ आणण्याचा व्यापार १८३३ साली कलकत्त्यापासून सुरू झाला आणि लवकरच मुंबईपर्यंत पोहोचला, तेव्हा थंड पेयाची कल्पना साहेबांच्या बंगल्यांतून हळूहळू शहरातील धनिकांच्या घरी शिरली. ह्या दोन्ही जगांशी ज्यांचा सारखाच घरोबा होता ते पारशी आणि पाठोपाठ आलेले इराणी लोक ह्या धंद्यात अग्रेसर व्हावेत, हे स्वाभाविकच होते. मुंबईचे पालनजी हे नाव १८६५ पासूनचे. पुण्याच्या लष्कर भागात अर्देशिर खोदादाद इराणी यांनी १८८४ मध्ये अर्देशिर अँड सन्स हा कारखाना काढला. १८८९ मध्ये दिनशॉजी पंडोल यांनी मुंबईत ड्यूक्सची स्थापना केली, आणि स्वतः क्रिकेटचे खेळाडू असल्यामुळे, विलायतेतील ज्या कंपनीचे क्रिकेटचे चेंडू प्रसिद्ध होते तिचेच नाव त्यांनी आपल्या पेयाला दिले, असे सांगतात.

आज आपल्याला सोड्याची बाटली तोंडाला लावणे ही क्षुल्लक गोष्ट वाटते. परंतु ज्या पुण्यात अर्देशिरांचा कारखाना निघाला त्याच पुण्यात, अवघ्या सहा वर्षांनी, १८९० मध्ये, पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मंडळींच्या पंक्तीला बसून चहा-बिस्किटे घेतल्याबद्दल टिळक आणि रानडे यांच्यासारख्या पुरुषांना ग्रामण्यास आणि प्रायश्चित्ताच्या वादास तोंड द्यावे लागले होते, हे विसरून चालणार नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणाच्या हातचे पिऊ नये, ह्या प्रश्नावर ज्या समाजाचे अर्धे धर्मशास्त्र उभे होते, त्याच समाजातील एखाद्या तरुणाने पारशाने भरलेली, शिपायांनीही पिऊन परत केलेली बाटली भर रस्त्यात उघडावी, ह्यात धैर्याचा अंश निश्चित होता. आमच्या शहरांतील स्पर्शास्पर्शाचे बंध सैल होण्याचे श्रेय आपण आगगाडीला आणि इराण्याच्या चहाला नेहमी देतो. सोडावॉटरच्या कारखानदारालाही त्यातला आपला वाटा मिळावयास हवा, आणि तो त्याला फारसा कोणी दिलेला नाही.

ह्या कारखान्यांतील पेयांची चव कशी होती, किंवा आहे, हे शब्दांत उतरविणे कठीण असले तरी तिचा स्वभाव सांगता येतो. पारशी लग्नाच्या भोजनात केळीच्या पानाशेजारी जी तांबडीभडक रास्पबेरी येते, आणि बॅलार्ड इस्टेटमधील १९२३ पासूनच्या ब्रिटानियात बेरी पुलावाबरोबर जी मागविण्याचा शिरस्ता आहे, ती चवीला गोड असली तरी तिचा वायू तिखट असतो, आणि तुपातल्या, मसाल्यातल्या जेवणानंतर जिभेवरचा थर कापून काढण्याचे काम ती चोख बजावते. पुण्यातील जिंजर ह्या पेयात आल्याचा झणका असा की पहिला घोट नाकापर्यंत जातो. आईसक्रीम सोड्याचा गंध व्हॅनिलाचा, आणि लेमोनेडमधील आंबटपणा मर्यादशील. हे सारे स्वाद मुळात विलायतेतून आलेले. परंतु एका गावच्या पाण्यात, एका कुटुंबाच्या हातून, त्याच गिऱ्हाइकांसाठी तीन-तीन पिढ्या तयार होत गेल्यामुळे ते त्या गावचे झाले. एखाद्या कारखान्यात साखर थोडी अधिक, दुसऱ्यात वायू थोडा चढा, एवढ्या अल्प अंतरावर गिऱ्हाइकांची निष्ठा ठरत असे, आणि ती निष्ठा मुलाकडे बापाकडून येई.

सुरतेच्या सोस्योची हकिगत थोडी निराळी आहे आणि ती सांगण्याजोगी आहे. मँचेस्टरच्या जॉन नोएल निकल्सने १९०८ मध्ये काढलेले व्हिम्टो हे पेय इंग्रजी अमलाबरोबर आमच्या बाजारात आले होते. असहकाराच्या चळवळीने विलायती वस्तूंच्या होळ्या पेटविल्या त्याला फार दिवस झाले नव्हते, तोच १९२३ मध्ये सुरतेच्या हजूरी घराण्याने त्या विलायती पेयाला स्वदेशी उत्तर म्हणून द्राक्ष आणि सफरचंद यांच्या स्वादाचे हे पेय बाजारात आणले. खादीचा इतिहास आमच्या पाठ्यपुस्तकांत सविस्तर आहे, आणि तो असलाच पाहिजे. परंतु स्वदेशीची भावना कापसाच्या पेळूप्रमाणेच सोड्याच्या बाटलीतूनही लोकांच्या घरात गेली, आणि सुरतेच्या माणसाला सोस्योचा जो अभिमान वाटतो त्याच्या तळाशी ही स्मृती आहे. दक्षिणेस तमिळ मुलखात, विरुदुनगर येथे १९१६ मध्ये सुरू झालेल्या काळीमार्क ह्या घराण्याचे बोवोंटो असेच आपला टापू राखून आहे. ह्या पेयांच्या चाहत्यांना आपले पेय सर्वोत्तम आहे असे सिद्ध करावयाचे नसते. ते आपले आहे, एवढ्यानेच त्यांचे समाधान होते.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात ह्या लहान घराण्यांवर जे प्रसंग आले त्यांतील दोन विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला १९७७ चा. परकीय चलन नियमन कायद्यानुसार भारतीय भागीदारांना बहुसंख्य हिस्सा देण्याचा प्रश्न आला, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते, आणि आपली गुप्त कृती हातची जाऊ देण्यापेक्षा कोका-कोलाने देश सोडणे पत्करले. त्या रिकाम्या जागेत पार्लेचे थम्सअप, दिल्लीचे कॅम्पाकोला आणि सरकारी मॉडर्न फूड्सचे सत्त्याहत्तर नावाचे पेय अशी गर्दी झाली. गावोगावच्या कारखानदारांनाही चार दिवस बरे गेले. दुसरा प्रसंग १९९३ चा, आणि तो जाचक ठरला. कोका-कोला परत आली ती पार्लेची थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट ही नावे विकत घेऊनच; पुढच्या वर्षी ड्यूक्स पेप्सीकडे गेले, आणि मुंबईच्या एका पिढीने उन्हाळ्याच्या सुट्टीत जी मँगोला मागितली ती मागे पडत गेली. परदेशी कंपन्यांचे पेय अधिक रुचकर होते म्हणून हे घडले, असे मला मुळीच वाटत नाही. दुकानदाराला शीतकपाट फुकट मिळे, दुकानाची पाटी रंगवून मिळे, आणि त्या शीतकपाटात दुसऱ्या कोणाची बाटली ठेवता येत नसे; जिभेची निवड होण्यापूर्वी जागेची निवड होऊन गेलेली असे.

त्यातच प्लॅस्टिकची बाटली आली. अमेरिकेतील नॅथॅनिअल वाएथ याने वायूचा दाब सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे पेटंट १९७३ मध्ये मिळविले होते; आपल्याकडे ती नव्वदीनंतर सर्वत्र झाली, आणि आरंभी सांगितलेली हद्द तिने एका तडाख्यात मोडून टाकली. ही बाटली हलकी, न फुटणारी, आणि मुख्य म्हणजे परत न येणारी. आता एखादा अजस्र कारखाना दोन-दोन जिल्ह्यांना माल पुरवू शके, अनामतीचा हिशेब नको, रिकाम्या पेट्यांची आवक-जावक नको, बाटल्या धुणारी माणसे नकोत. बाटली परत नेण्याच्या जाचामुळे मोठ्यांना जी पेठ परवडत नव्हती ती आता परवडू लागली, आणि ज्या जाचाने लहानांचे संरक्षण केले होते तो जाच नाहीसा होताच लहान कारखाने भराभर बंद पडले. नदीनाल्यांत जे प्लॅस्टिक साचले त्याची चर्चा आपण करतो; गावोगावच्या शेकडो स्वादांचे जे झाले त्याची कोठेच नोंद झाली नाही. मला ही हानी साधी वाटत नाही. एखादी बोली बोलणारे शेवटचे वृद्ध निवर्तले म्हणजे भाषाशास्त्रज्ञ हळहळतात. तालुक्याच्या गावी एका घराण्याने साठ वर्षे केलेला जिऱ्याचा सोडा त्या घराण्याबरोबर संपला, तर त्याची कृतीही मागे राहत नाही.

परंतु सर्वच पेयांची हद्द काचेने आखलेली नव्हती. काहींची हद्द त्या पदार्थाच्या आयुष्यानेच ठरविली आहे, आणि तेथे प्लॅस्टिकचे फारसे काही चालले नाही, ह्यात मला मोठे समाधान आहे. उसाचा रस हे त्याचे ठळक उदाहरण. चरकातून निघाल्याबरोबर त्याचा रंग पालटू लागतो, थोड्याच वेळात तो काळवंडतो आणि आंबण्याच्या मार्गाला लागतो. म्हणून तो चरकाशेजारी उभे राहूनच पिण्याची वस्तू आहे. होळी झाली की महाराष्ट्रातील रस्त्यांच्या कडेला रसवंतीगृहे उभी राहतात, चरकाच्या चाकाला बांधलेल्या घुंगरांचा नाद दुपारच्या उन्हात दूरवर ऐकू येतो, आणि त्यांतील असंख्य पाट्यांवर कानिफनाथ किंवा नवनाथ हे नाव दिसते, ते अशासाठी की ह्या धंद्यातील पुष्कळ मंडळी पुरंदर तालुक्यातील आहेत आणि बोपगावच्या गडावरील कानिफनाथ हे त्यांचे श्रद्धास्थान आहे. उसाबरोबर आल्याचा तुकडा आणि लिंबू चरकात जाते, आणि जो रस हाती येतो त्याची बरोबरी करील असे पेय कोणत्याही कारखान्यातून आजवर निघालेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नीरेची हद्द तर घड्याळाची आहे. ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडाला रात्री बांधलेल्या मडक्यात जो रस साचतो, तो चुन्याच्या योगाने आंबण्यापासून काही काळ रोखून धरता येतो. सूर्य वर चढला की त्याची ताडी होण्यास वेळ लागत नाही. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला तेव्हा ताडीवर बंदी आणि नीरेला परवाना अशी तजवीज करण्यात आली, आणि ज्या अनेक कुटुंबांची उपजीविका ह्या झाडांवर होती त्यांना नीरा विक्री केंद्रांच्या रूपाने एक वाट मोकळी राहिली. सकाळच्या पहिल्या प्रहरी बसस्थानकाजवळच्या केंद्रावर गार नीरेचा पेला घेणारे लोक आजही दिसतात, आणि दहाच्या सुमारास ते केंद्र बंद होते.

ह्याच्या उलट कोकमाचे. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढणाऱ्या रातांब्याच्या झाडाचे फळ वैशाखात पिकते आणि पावसाच्या आत ते उतरवून त्याची सोय लावावी लागते. काही साली स्वतःच्याच रसात पुनःपुन्हा भिजवून आणि उन्हात वाळवून त्यांची आमसुले होतात, काहींत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की अमृतकोकम तयार होते. साखर आणि फळाची स्वाभाविक आम्लता ह्या दोहोंमुळे ते वर्षभर टिकते, आणि म्हणूनच कोकणचा चाकरमानी गिरणगावातील खोलीत ज्या मोजक्या वस्तू गावाकडून आणू शकला त्यांत ती बरणी असे. सोलकढी मात्र गावाकडून आणता येत नव्हती. नारळाचे दूध त्याला मुंबईत काढावे लागे, आणि ताज्या खोबऱ्याच्या त्या दुधात कोकमाचे आगळ घालताच जो गुलाबी रंग उमटतो तो जेवणाच्या पानावरच पाहावयाचा असतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवातील कैरीचे पन्हे आणि वाटली डाळ ह्यांना महिन्याची मर्यादा. श्रीखंड, ताक, केशर आणि जायफळ यांनी सिद्ध होणाऱ्या दादर-गिरगावच्या पियूषाला दिवसाची. आणि पुण्याच्या मस्तानीला, घट्ट दुधावर आईसक्रीमचा गोळा ठेवलेला असल्यामुळे, पेल्यातून चमचा बाहेर निघेपर्यंतची. इंदूरच्या मराठी घरांत ज्या दाट, केशरी शिकंजीचे कौतुक चालते ती पियूषाची सख्खी बहीण शोभेल अशी आहे, आणि लिंबाच्या सरबताची अपेक्षा धरून बसलेल्या परगावच्या पाहुण्याला ती पहिल्या घोटालाच चकित करते.

मिठायांच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो, फक्त तेथे वायूऐवजी ओलावा हा निर्णायक आहे. ज्या पदार्थात पाणी अधिक त्याचे आयुष्य अल्प आणि मुलूख लहान. ज्यातले पाणी अग्नीने घालविले त्याला प्रवास घडतो. लोणावळ्याची चिक्की घ्या. गुळाचा पाक कडक होईपर्यंत, म्हणजे थेंब गार पाण्यात टाकला असता काचेसारखा कट्कन मोडावा इतका, आटविला म्हणजे त्यात ओलावा जवळजवळ उरतच नाही. शेंगदाणे आधीच भाजलेले. अशी वडी आठवडेच्या आठवडे टिकते. बोरघाटातून आगगाडी १८६३ साली चालू झाली आणि लोणावळे हे घाट चढून आलेल्या प्रवाशांच्या विसाव्याचे ठिकाण झाले. तेव्हा जी मिठाई पिशवीत घालून पुढे सोलापूरपर्यंत नेता येईल तीच त्या गावाची मिठाई व्हावी, हे क्रमप्राप्त होते. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचे रहस्यही तेच आहे. साधा पेढा पांढरा, मऊ आणि दोन-तीन दिवसांचा सोबती. कंदी पेढ्यासाठी म्हशीच्या दुधाचा खवा तांबूस होईपर्यंत परतावा लागतो, त्यामुळे ओलावा जातो, दाणेदारपणा येतो, भाजल्याचा खमंग गंध उतरतो, आणि मुंबईच्या सातारकराला तो गणपतीहून परतताना निर्धास्तपणे नेता येतो. बेळगावच्या कुंद्यात साखर जळवून आलेला रंग आणि दुधाचा दाणा यांचा मेळ आहे. नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्तदर्शनास गेलेला मनुष्य कवठाची बर्फी बांधून आणतो, परंतु बासुंदी तेथेच संपवितो, आणि हा विवेक त्याला कोणी शिकवावा लागत नाही. मालवणी खाजे, म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कांड्यांवर आल्याच्या गुळाचे कवच, जत्रेतून घरी आले की डब्यात टिकते, कारण जत्रेला आलेल्या माणसाला ते दहा कोसांवरच्या घरी न्यावयाचे असते. गोव्याच्या बेबिंक ह्या नारळाचे दूध, अंड्यातील पिवळा बलक, साखर आणि तूप यांच्या थरांच्या मिठाईला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा एकेक थर वरून विस्तव देऊन भाजावा लागतो आणि तो भाजल्यावाचून पुढचा ओतता येत नाही, त्यामुळे ज्या घरात वेळ आहे त्याच घरात ती नीट होते.

अलीकडे वारा पुन्हा फिरला आहे. कॅम्पाकोला २०२२ मध्ये रिलायन्सने विकत घेऊन नव्याने बाजारात आणले, २०२३ च्या आरंभी त्याच समूहाने सोस्योच्या कंपनीत अर्धा हिस्सा घेतला, आणि गोळीच्या सोड्याच्या खेपा आखाती देशांकडे, इंग्लंड-अमेरिकेकडे जाऊ लागल्याचे २०२५ मध्ये सरकारनेच जाहीर केले. मोठ्या भांडवलदारांना जुन्या नावांची किंमत कळू लागली, ह्याचा मला आनंद आहे, परंतु तो निर्भेळ नाही. कारण नाव विकत घेता येते आणि कृतीही विकत घेता येते, पण साखर किती आणि वायू किती ह्याचा निर्णय सुरतेच्या गिऱ्हाइकाकडे पाहून व्हावयाचा की सबंध देशाच्या सरासरीकडे पाहून, हा प्रश्न त्या व्यवहारात मोकळाच राहतो. खव्याचा पेढा सहा महिने टिकावा म्हणून त्यात रसायने घालून तो विमानतळावर विकू लागण्यापेक्षा तो साताऱ्यातच राहिलेला बरा, असे मी म्हणेन. आणि चिक्कीने मात्र खुशाल साता समुद्रापार जावे, कारण प्रवास हा तिच्या घडणीतच आहे. दुबईत नोकरी करणाऱ्या मराठी मुलाने तेथल्या दुकानात गोळीचा सोडा दिसताच तो विकत घ्यावा, त्याच्या कपाटात अमृतकोकमाची बरणी असावी, डब्यात कंदी पेढे असावेत, हे सर्व आता सहज साध्य आहे. उसाच्या रसासाठी त्याला सुट्टीत घरी यावे लागते, आणि नीरेसाठी सकाळी दहाच्या आत.